दहावीतली लेक, मॅकबेथ आणि "लेडी मॅकबेथ दुष्ट आहे"

रानजाई

नमस्कार मंडळी. पालकत्व विभागात टाकलं असतं तर शिस्तीचे सल्ले मिळाले असते, म्हणून धागा मुद्दाम साहित्यात टाकतेय.

आम्ही इंग्लंडात, रेडिंगला. लेक इयर टेनमध्ये, पुढच्या वर्षी जीसीएसई (इथली शालान्त परीक्षा). इंग्रजी साहित्याच्या पहिल्या पेपरला शेक्सपिअरचं एक नाटक असतं, तिच्या शाळेने 'मॅकबेथ' घेतलंय (स्कॉटलंडचा सरदार मॅकबेथ बायकोच्या भरीने राजा डंकनचा खून करून गादी बळकावतो, ती गोष्ट). पेपर पावणेदोन तासांचा. शेक्सपिअरला ३४ गुण, त्यातले ४ स्पेलिंग-विरामचिन्हांचे. पुस्तक परीक्षेत न्यायचं नाही. एक उतारा छापून देतात, त्यापासून सुरुवात करून अमुक पात्र अख्ख्या नाटकात कसं उभं केलंय ते लिहायचं. (हे एक्यूए बोर्डाचं. बाकी बोर्डांचं थोडं वेगळं असतं.)

तर लेकीचा सराव-निबंध घरी आला. विषय लेडी मॅकबेथ. पहिलं वाक्य: "लेडी मॅकबेथ दुष्ट आणि महत्त्वाकांक्षी आहे." पुढे दोन पानं हेच, वेगवेगळ्या विशेषणांत. शिक्षकांनी समासात हिरव्या शाईने दोनच गोष्टी लिहिल्यात. "शेवटपर्यंत अशीच?" आणि खाली "यात भाषा कुठे आहे?" लेक फुरंगटून बसली. म्हणते, खून करायला लावला ना तिने, मग अजून काय पाहिजे?

माझी पंचाईत अशी की मलाही तिचंच पटलं. मी साताऱ्याला मराठी माध्यमात शिकले. आमच्याकडे "स्वभावचित्रण करा" असा प्रश्न यायचा. धाडसी, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष अशी पाच-सहा विशेषणं, प्रत्येकासमोर धड्यातला एक प्रसंग, की झालं. इथे त्यांना नक्की काय हवंय? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ट्यूशन लावा हा सल्ला सोडून काहीही चालेल.

टिवल्याबावल्या

दुष्ट नाही तर काय, पाहुण्याला मारून सत्यनारायण घालत होती का बाई?

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

शिसपेन्सिल

रानजाई, मी लेस्टरजवळ एका शाळेत इंग्रजी शिकवते. हा निबंध दर वर्षी माझ्या टेबलावर असतो, नावं तेवढी बदलतात. तेव्हा लेकीला सांगा, फार मनाला लावून घेऊ नको.

"दुष्ट" हे चूक नाही. पण ते पहिल्याच ओळीत आलं की निकाल लागला, पुढे फक्त साक्षीदार मोजायचे. शिक्षकांना निकाल नकोय, सुनावणी हवीय.

तिला पहिल्या अंकाचा पाचवा प्रवेश काढायला सांगा. राजा डंकन आज रात्री आपल्याच गढीत मुक्कामाला येतोय हे कळतं आणि लेडी मॅकबेथ एकटी असताना अघोरी शक्तींना बोलावते. मुलं इथे "ती चेटकिणीसारखी आहे" एवढं लिहून पान उलटतात. मी त्यांना फक्त क्रियापदांखाली रेघ मारायला लावते. या. माझं बाईपण काढून घ्या. टाळूपासून तळव्यापर्यंत मला क्रौर्याने भरा. रक्त दाट करा. पश्चात्तापाची वाट अडवा. एकूण एक आज्ञार्थी. ती विनवत नाहीये, हुकूम सोडतेय, हे झालं एक. पण हुकूम कशाचा? जी मुळातच काठोकाठ क्रूर आहे ती "मला क्रौर्याने भरा" असं कशाला म्हणेल?

त्याच भाषणाचा शेवट बघा. रात्रीला म्हणते, नरकातला काळाकुट्ट धूर पांघरून ये, म्हणजे माझ्या सुरीला आपण केलेली जखम दिसणार नाही आणि अंधाराच्या घोंगडीतून स्वर्ग डोकावून "थांब" म्हणणार नाही. सुरीलासुद्धा दिसू नये! कुणाची नजर चुकवायचीय हिला?

आता दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. प्रत्यक्ष खुनाची वेळ. पहारेकऱ्यांना ज्या दारूने झिंग आणली तिनेच मला धीर आला, असं ती म्हणते. म्हणजे धीर यायला दारू लागली. आणि थोडं पुढे, झोपेत तो माझ्या वडिलांसारखा दिसला नसता तर मीच उरकलं असतं. हे सगळं तिच्याच तोंडचं आहे. मग "दुष्ट आहे" या वाक्याच्या जागी असं वाक्य येतं: "शेक्सपिअर तिला क्रौर्य मागायला लावतो, आणि ते मागावं लागतंय यातच ते तिच्याकडे पुरेसं नसल्याचं दिसतं." हे लिहिणाऱ्या मुलीला माझ्याकडून तरी चांगले गुण मिळतील.

एक बारीक गोष्ट, पण फरक पडतो. "लेडी मॅकबेथ अशी आहे" न लिहिता "शेक्सपिअर तिला असं दाखवतो" लिहायची सवय लावा. ती बाई कुठे राहत नाही. तिच्या ओळी सोडल्या तर तिचं काही नाही.

मधुकर_काका

शिसपेन्सिल, शेवटचं वाक्य वाचून जुने दिवस आठवले. आम्ही एम. ए.ला असताना यावरूनच दोन तट असायचे. एक ब्रॅडली या समीक्षकाचा. त्याचं शेक्सपिअरच्या शोकांतिकांवरचं पुस्तक १९०४चं. पात्रं जणू खरी माणसं आहेत असं धरून त्यांच्या मनाचा तळ शोधायचा. दुसरा तट एल. सी. नाइट्सचा. त्याने १९३३ साली एक निबंध लिहिला, त्याचं नावच "लेडी मॅकबेथला मुलं किती होती?" प्रश्न अर्थातच खवचट आहे. नाटक ही शब्दांची रचना आहे, तिच्याबाहेर जाऊन पात्रांची कुंडली कसली मांडता, असा त्याचा रोख.

गंमत अशी की प्रश्न खवचट असला तरी नाटकच तो उपस्थित करतं. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशात ती मॅकबेथला म्हणते, मी बाळाला अंगावर पाजलंय, ती माया काय असते मला ठाऊक आहे. तरीही तुझ्यासारखी शपथ घेतली असती तर हसणाऱ्या बाळाच्या तोंडातून स्तन सोडवून त्याचं डोकं आपटलं असतं. आणि चौथ्या अंकात मॅकबेथविरुद्ध गेलेल्या मॅकडफ या सरदाराला बायकामुलांच्या कत्तलीची बातमी मिळते तेव्हा तो म्हणतो, "त्याला मुलं नाहीत." मग ते बाळ कुणाचं, कुठे गेलं? नाटक सांगत नाही. रंगभूमीवर कित्येक दिग्दर्शकांनी या जोडप्याचं एक मूल गेलंय असं धरून प्रयोग बसवले.

परीक्षेत मुलीने काय करावं? मूल गेलं असं ठोकून देऊ नये, पण त्या प्रतिमेकडे दुर्लक्षही करू नये. आधी "माया ठाऊक आहे" आणि लगेच "डोकं आपटलं असतं". ओळींचा हा क्रम महत्त्वाचा. मायाच माहीत नसती तर त्या धमकीत जोर कुठून आला असता?

कोकणकडा

सगळ्यांबद्दल आदर ठेवून. मला हा सगळा मास्तरांनी काढलेला किस वाटतो. शेक्सपिअर नाटक कंपनीचा भागीदार होता, त्याला तिकिटं खपवायची होती. चेटकिणी, खून, भूत, रक्त, सगळा मसाला आहे. त्याने आज्ञार्थी क्रियापदं मोजून लिहिली असतील? प्रकल्पाच्या डेडलाइनवर मी ईमेल लिहितो तसं त्याने लिहिलं असेल. चारशे वर्षांनी कुणी माझ्या ईमेलातलं "प्लीज" अधोरेखित करून मी विनम्र होतो असा निष्कर्ष काढेल.

मुलीला गणित करू द्या.

टिवल्याबावल्या

कोकणकडा, तुमच्या ईमेलात "प्लीज" असतं ही बातमी आहे. ;)

शिसपेन्सिल

कोकणकडा, तिकिटं खपवायची होती हे शंभर टक्के खरं. त्याचा हेतू काय होता हे आपल्यापैकी कुणालाच कळणार नाही, आणि परीक्षेत ते विचारतही नाहीत. पण कागदावर एक गोष्ट आहे ती बघा, ती कुणीही पडताळू शकतं.

लेडी मॅकबेथ एरवी नाटकभर पद्यात बोलते. यमक नाही, पण दहा-दहा अक्षरांची चाल आहे. थोरामोठ्यांची पात्रं त्याच चालीत बोलतात. दारवान गद्यात बोलतो, तो शिपाईगडी. आणि पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात, ती झोपेत चालते तेव्हा, राणीला गद्य दिलंय. छापील पानावर ओळींच्या कडा बघूनसुद्धा कळतं. कसलाही निष्कर्ष काढायच्या आधी एवढं तर मान्य करावं लागेल की लिहिणाऱ्याने इथे काहीतरी बदललंय.

आता ते गद्य जवळून. ती काय बोलते? नवीन जवळजवळ काहीच नाही. "एक, दोन, चला, वेळ झाली" ही खुनाच्या रात्रीची घंटा. "हात धू, रात्रीचा झगा चढव" हे त्याच रात्री नवऱ्याला सांगितलेलं. "असा दचकू नकोस, सगळं बिघडवशील" हे मेजवानीत बँकोचं (मॅकबेथने मारवलेल्या त्याच्या सोबत्याचं) भूत दिसल्यावरचं. "बँकोला पुरलंय, तो थडग्यातून येऊ शकत नाही." "दारावर कुणी ठोठावतंय." मध्येच "फाइफच्या सरदाराला (म्हणजे मॅकडफला) बायको होती, ती आता कुठे आहे?" हे तर मूळ इंग्रजीत बडबडगीतासारखं यमक जुळवून येतं, ऐकताना अंगावर काटा येतो. चार-पाच रात्रींचे तुकडे, क्रम गेलेला, एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. ज्या बाईने पहिल्या अंकात लांबलचक वाक्यं हुकमी फेकली, तिच्याजवळ जोडून बोलायला वाक्यच राहिलेलं नाही.

रानजाई, "शेवटपर्यंत अशीच?" आणि "भाषा कुठे आहे?" हे शिक्षकांचे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. ती बदलली हे तिच्या वाक्यांवरूनच कळतं.

पडद्यामागे

वा, वाचनखूण साठवली. मी पुण्यात हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो, त्यामुळे माझं लक्ष मेणबत्तीवर.

झोपेत चालताना तिच्या हातात दिवा असतो. वैद्य दासीला विचारतो, हा दिवा कुठून आला? दासी म्हणते, तो सतत जवळच असतो, तशी त्यांची आज्ञाच आहे. पहिल्या अंकात "दाट काळोख ये" म्हणणारी हीच ना? आता तिला अंधारात झोपवत नाही. कुठलंही पात्र हे मुद्दाम समजावून सांगत नाही. दासी जाता जाता एक माहिती देते, बस.

या मेणबत्तीचा एक किस्सा आहे. सारा सिडन्सने १७८५ साली लंडनच्या ड्रुरी लेनला ही भूमिका केली. तिच्याआधीच्या गाजलेल्या नटीने मेणबत्ती हातातून सोडली नव्हती. सिडन्सने ठरवलं की हात चोळून धुवायचे तर मेणबत्ती खाली ठेवावीच लागेल. थिएटरचा चालक शेरिडन प्रयोगाआधी तिच्या खोलीत येऊन विरोध करून गेला, लोकांना आवडणार नाही म्हणून. तिने तरी ठेवली. लोकांना आवडलं.

शिवाय तिने या भूमिकेवर टिपण लिहून ठेवलंय. त्यात तिच्या मनातली लेडी मॅकबेथ गोरी, नाजूक अंगकाठीची आहे. राकट नाही! पात्राचा अर्थ लावणं म्हणतात ते हे. सिडन्सकडे आपल्यापेक्षा वेगळ्या ओळी नव्हत्या.

अजून एक जागा, लेकीला आवडेल. पहिल्या अंकात मॅकबेथ विचारतो, "आणि फसलो तर?" ती दोन शब्दांत उत्तर देते: "आपण फसू". १६२३च्या पहिल्या छापील संग्रहात पुढे प्रश्नचिन्ह आहे. त्या काळी छापखाने उद्गारचिन्हाच्या जागीही प्रश्नचिन्ह वापरत. म्हणजे "आपण? आणि फसू?" असं झिडकारून म्हणायचं, का "फसलो तर फसलो" असं खांदे उडवून? सिडन्सने वेगवेगळे सूर करून बघितले आणि शेवटी थंडपणे, पूर्णविरामासारखं म्हणायला लागली असं सांगतात. घरात तिन्ही प्रकारे मोठ्याने म्हणून बघा. तीन वेगळ्या बायका ऐकू येतात.

बारावी_ग्रस्त

आमच्या आयएससीला (बारावीच्या बोर्डाला) पण मॅकबेथच आहे. आमच्या सरांनी प्रत्येक पात्राचे मुद्दे लिहून दिलेत, ते पाठ करायचे. वरचं गद्य-पद्याचं त्यात नाहीये. पेपरात लिहिलं तर चालेल का? तपासणाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत नसेल तर?

मधुकर_काका

बाळा, मी वर्षानुवर्षं पेपर तपासलेत. शंभर गठ्ठ्यांत तेच ते मुद्दे वाचून डोळे शिणलेले असतात. संहितेतली ओळ देऊन कुणी दोन वाक्यं स्वतःची लिहिली की तपासणारा खुर्चीत सरळ होऊन बसतो. सरांचे मुद्दे लिही, त्यांच्यामध्ये हे लिही. ओळ मात्र बरोबर आठवली पाहिजे.

रानजाई

किती सुंदर माहिती. सगळ्यांना धन्यवाद. हा धागा लेकीला वाचून दाखवला (तिला मराठी वाचायला वेळ लागतो, ऐकायला आवडतं). "आपण फसू" आमच्या स्वयंपाकघरात काल बराच वेळ चाललं होतं. नवरा दोनदा येऊन विचारून गेला, काय फसलंय?

एक अडचण अजून आहे. शिक्षक म्हणतात ऐतिहासिक संदर्भ द्या. ती काय करते, प्रत्येक परिच्छेदाच्या शेपटीला "जेम्स राजाचा चेटकिणींवर विश्वास होता" असं लावून देते. ते उपरं वाटतं हे मलाही कळतं, पण काढायचं कसं?

शिसपेन्सिल

हा इथला राष्ट्रीय आजार आहे. :)

संदर्भ आधी माहीत हवा. जेम्स १६०३ला इंग्लंडच्या गादीवर आला, त्याआधी तो स्कॉटलंडचा राजा होताच. १५९७ साली त्याने स्वतः जादूटोण्यावर 'डेमनॉलॉजी' लिहिलं होतं. १६०५च्या नोव्हेंबरात त्याच्यासकट पार्लमेंट उडवायचा बारुदाचा कट उघडकीला आला. नाटक त्यानंतर लगेचचं, साधारण १६०६चं मानतात. राजा मारण्याचं नाटक, आणि प्रेक्षकांच्या कानात अजून त्या कटाच्या अफवा.

आता हे परिच्छेदाच्या शेपटीला नाही, पोटात घालायचं. लेकीला बँकोवरचं उदाहरण द्या. शेक्सपिअरने कथा घेतली होलिनशेडच्या बखरीतून. तिथे बँको मॅकबेथच्या कटात सामील आहे. नाटकात तो स्वच्छ. का? तर जेम्सच्या घराण्याचा मूळपुरुष बँको अशी समजूत होती. राजाच्या पूर्वजाला खुनी कोण दाखवणार! म्हणजे पात्राचा स्वभावच संदर्भाने बदललाय. असं लिहिलं की संदर्भ उपरा राहत नाही.

त्याच बखरीत मॅकबेथच्या बायकोवर जेमतेम एक वाक्य खर्ची घातलंय: ती फार महत्त्वाकांक्षी होती, राणी म्हणवून घ्यायची आग तिला शमवता येत नव्हती, म्हणून ती नवऱ्याच्या मागे लागली. संपलं. तुमच्या लेकीचा पहिला निबंध म्हणजे होलिनशेड. दारू, वडिलांचा चेहरा, दिवा, गद्यातले तुकडे, हे सगळं बखरीबाहेरचं.

कोकणकडा

हे बखरीचं माहीत नव्हतं. म्हणजे मूळ स्पेसिफिकेशनमध्ये एक ओळ होती आणि याने एवढं केलं. मग एवढ्यासाठी तिकीट काढलं असतं मी.

पण मुद्दा सोडत नाही. शेवटी माल्कम तिला राक्षसी राणी म्हणतोच की. नाटकाचं शेवटचं भाषण आहे ते. लेखकाचाच निकाल समजायचा ना?

पडद्यामागे

कोकणकडा, माल्कम कोण? ज्याच्या बापाला मारलं तो. तो तर खुनाच्या सकाळीच इंग्लंडला पळाला होता. झोपेत हात धुताना तिला त्याने बघितलेलं नाही. बघितलं कुणी? एका वैद्याने, एका दासीने आणि आपण. माल्कमच्या हातात "खाटीक आणि त्याची राक्षसी राणी" असं जोडनाव आहे. राज्यावर आल्यावर नव्या राजाला सोयीचं असंच असतं ते. पण आपण मधला प्रवेश बघून बसलोय, त्यामुळे टाळ्या वाजवताना हात जरा अडखळतो.

शेवंती

उशिरा आले धाग्यावर. कुणीच नवरा-बायकोंबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सुरुवातीला तो तिला पत्रात "माझ्या थोरवीतली प्राणप्रिय भागीदार" म्हणतो. सगळं तिला आधी सांगतो. ती त्याला सांभाळून घेत बोलते. "येणाऱ्या पाहुण्याची व्यवस्था करायला हवी" एवढंच म्हणते, खुनाचं नाव न काढता. आपल्याकडेही "त्याची व्यवस्था करतो" म्हटलं की ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळतं! नंतर तिसऱ्या अंकात, राणी झाल्यावर, बँको दरबारातून गेला का हे तिला नोकराला विचारावं लागतं. आणि मग निरोप पाठवते, राजेसाहेबांना सवड असेल तेव्हा दोन शब्द बोलायचे आहेत. स्वतःच्या नवऱ्याची वेळ मागून घेते बाई. तो आल्यावर बँकोचं काय चाललंय हेही सांगत नाही, तुला माहीत नसलेलंच बरं, असं लाडाने म्हणतो. जिने सुरुवात केली तिलाच आता खोलीबाहेर ठेवलंय.

त्यानंतर मेजवानी. ती सगळं सावरते, पाहुण्यांना घालवते, आणि ते दोघं उरल्यावर तिची वाक्यं अगदी थोडी आणि छोटी. "तुला झोप हवी." चौथ्या अंकात ती मुळीच नाही. एकदम पाचव्या अंकात झोपेत चालताना दिसते. मरते तीही पडद्यामागे, बायकांचा आकांत तेवढा ऐकू येतो.

माझ्या मते तिला वेडं करणारं रक्त नाही, हे एकटेपण आहे. मतभेद असू शकतात.

मधुकर_काका

शेवंतीताई, मतभेद आहेच. रक्ताला इतक्या सहज बाजूला सारू नका. खुनानंतर मॅकबेथ म्हणतो, सगळ्या समुद्राने हे रक्त धुतलं जाणार नाही, उलट समुद्रच लाल होईल. तिथे ती म्हणते, थोड्या पाण्याने निभावेल. आणि पाचव्या अंकात अरबस्तानची सगळी अत्तरं तिला पुरत नाहीत. तो समुद्रापासून निघाला आणि पुढे रक्ताची त्याला सवय झाली; ती ओंजळभर पाण्यापासून निघाली आणि तिथेच अडकली. दोघांनी जागा बदलल्यात. एकटेपण खरंच, पण तिची जीभ रक्ताकडेच जाते हो, नवऱ्याकडे नाही.

शेवंती

"हात दे, ये, ये, ये, ये" हे झोपेत कुणाला म्हणते ती, काका? शेवटचे शब्दसुद्धा "चल झोपायला" असे आहेत. नवरा तिथे नाही.

मधुकर_काका

हं. ते आहे खरं.

पडद्यामागे

दोघांच्या मध्ये माझा एक कागद. दासी वैद्याला सांगते की बाईसाहेब झोपेत उठतात, कपाट उघडतात, कागद काढतात, घडी घालतात, त्यावर लिहितात, वाचतात, मोहोर लावतात आणि परत झोपतात. काय लिहितात ते नाटकात कुठेच नाही. आता तिची पहिली एन्ट्री आठवा. ती नवऱ्याचं पत्र वाचत येते, आणि ते पत्र गद्यात आहे. पहिल्या प्रवेशात त्याचं गद्य तिच्या तोंडी, शेवटच्या प्रवेशात तिचं स्वतःचं. शेवंतीताई, तुमच्या बाजूने एक पुरावा.

आणि गंमत म्हणजे ती पद्य हरवून बसते, ती मेल्याची बातमी आल्यावर नाटकातलं सगळ्यात भरीव पद्य मॅकबेथला मिळतं, उद्या, उद्या आणि उद्या वालं. त्यात तिच्याबद्दल म्हणावं तर सुरुवातीची दीड ओळ.

रानजाई

लेकीने निबंध पुन्हा लिहिला. तिच्या परवानगीने एक परिच्छेद मराठीत देतेय, भाषांतर माझं, त्यामुळे ओबडधोबड:

"शेक्सपिअर लेडी मॅकबेथला आधी अंधार मागायला लावतो आणि शेवटी दिवा. पहिल्या अंकात ती हुकूम देते, तेव्हा तिची वाक्यं लांब आणि सलग आहेत. पाचव्या अंकात तीच क्रियापदं उरतात, 'जा', 'धू', 'ये', पण ती आता एका डागाला आणि समोर नसलेल्या नवऱ्याला सांगतेय, आणि कुणीच ऐकत नाही. माल्कम तिला राक्षसी म्हणतो, पण प्रेक्षकांनी जे पाहिलं ते त्याने पाहिलेलं नाही."

क्रियापदांचं तिने स्वतः शोधलं, इथे कुणी लिहिलं नव्हतं. शिक्षकांचा शेरा अजून यायचाय.

शिसपेन्सिल

"तीच क्रियापदं उरतात" हे मी उद्या माझ्या वर्गात सांगणार आहे, श्रेय तिला.

एकच सुचवते. पुस्तक जवळ नसणार, तेव्हा लांब उतारे पाठ करत बसू नका. तीन-चार शब्दांचे तुकडे पाठ करा आणि ते कुठल्या प्रवेशातले हे पक्कं ठेवा. आणि या परिच्छेदाला एक संदर्भ लागेल. वैद्य म्हणतो, हिला वैद्यापेक्षा धर्मगुरूची गरज जास्त. त्या काळच्या प्रेक्षकाला हे आजार नव्हे, पाप वाटलं असेल. जेम्सला इथे सुट्टी द्या.

बारावी_ग्रस्त

मला पण हा परिच्छेद वापरू देत का ताई? श्रेय देईन.

टिवल्याबावल्या

रच्याकने, एक शंका. बँकोला मारायला मॅकबेथ दोन मारेकरी पाठवतो आणि ऐन वेळी तिसरा उगवतो. तो कोण? त्याला कुणी पाठवलं?

कोकणकडा

मी कालच हा प्रवेश वाचला (हसू नका). मला तो मॅकबेथ स्वतःच वाटतो. इतर दोघांना माहीत नाही तेवढं त्याला माहीत आहे, घोडे कुठे सोडतात, लोक वाड्यापर्यंत पायी कुठून जातात वगैरे.

शिसपेन्सिल

कोकणकडा, ही शंका फार जुनी आहे आणि मत मांडणारे पुष्कळ. पण मग लगेच पुढच्या प्रवेशात बँकोचा मुलगा फ्लीअन्स निसटल्याचं ऐकून मॅकबेथ एवढा का हादरतो? तो तिथे होता तर त्याला ते आधीच कळलं असतं ना.

कोकणकडा

हादरल्याचं नाटक करत असेल. खुनाच्या सकाळी नाही का केलं? ओळी परत वाचून सांगतो.

टिवल्याबावल्या

वेगळा धागा काढा हो, पॉपकॉर्न संपले.